नवऱ्याचं रक्त नको

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी नगरला आलो तो लष्कराच्या भटारखान्यात भाज्या चिरायला. घर देवगडच्या खाली, अगदी समुद्राच्या कडेला. वडील होडीसकट गेले आणि माझी शाळा मराठी चौथीनंतर सुटली. नगरात वर्ष काढलं नाही तोच मला विषमज्वर झाला. भटारखान्यातल्या लोकांनी टांग्यात घालून शहरातल्या हॉस्पिटलात आणून सोडलं, आणि पुन्हा चौकशीला कुणी आलं नाही. उठून बसायला लागलो तेव्हा नोकरी गेलेली होती आणि अंगातला सदराही हॉस्पिटलचा होता.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "चूल पेटवता येते ना तुला?"

"येते."

"मग आमचं पाणी उकळ. जायचं तेव्हा जा."

मी गेलो नाही. आजही त्या बाईंची आठवण निघाली की मी आधी हात जोडतो आणि मग बोलतो.

पाणी उकळ म्हणजे काय ते हळूहळू कळलं. मोठी ऑपरेशनं होत, रक्त जाई, आणि गेलेल्या रक्ताच्या जागी शिरेतून काहीतरी घालावं लागे. विकतच्या बाटल्या लढाईमुळे मिळत नसत. तांब्याच्या बंद भांड्यात पाणी उकळायचं, वाफ नळीतून फिरवून थंड करायची, ते थेंब थेंब पडणारं पाणी धरायचं, त्यात तोलून मीठ घालायचं, गाळून बाटल्या भरायच्या आणि पुन्हा वाफेवर ठेवायच्या. नगरच्या विहिरींचं पाणी इतकं जड की भांड्याच्या तळाला पांढरी खपली धरे. ती मी खरवडून काढी. पाणी शिळं राहिलं किंवा रबरी नळी नीट धुतली गेली नाही, तर ते शिरेत गेल्यावर रोग्याला हुडहुडी भरे, दात वाजत, पलंग हाले. म्हणून माझी बाटली लागली की मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून रोग्याच्या पावलांकडे बघत राही. सिस्टर म्हणायच्या, "काय रे कोकण्या, पाया पडतोस की काय प्रत्येकाच्या?"

मिठाच्या पाण्याची खोड अशी की ते शिरेत टिकत नाही. जरा वेळ नाडी भरते आणि पुन्हा उतरते. म्हणून बाई दुसरंही एक करून घेत, डिंकाचं. चांगला डिंक भिजवून, मलमलीतून कितीतरी वेळा गाळून मिठाच्या पाण्यात घालायचा. मला कळावं म्हणून त्यांनी सांगितलं होतं, "रश्शाला पीठ लावलं की तो ताटात पळत नाही ना, तसं हे." पण डिंकाने एखाद्याला धाप लागे, अंगावर गांधी उठत. त्यामुळे त्या बाटलीला हात घालताना बाई क्षणभर थांबतच.

आणि तिसरं म्हणजे रक्त. ते साठवून ठेवायची सोय नव्हती. ज्याचं जुळेल त्याचं काढायचं आणि लगेच घालायचं. बाहेरगावचे लोक रक्त म्हटलं की मागच्या दाराने निघून जात. माझं तपासलं तर ते चौथ्या वर्गाचं निघालं, म्हणजे कुणालाही चालणारं. सिस्टर म्हणाल्या, "शाळा चौथी, रक्तही चौथं. पास झालास." तेव्हापासून अडचण पडली की माझी बाही वर होई. मला त्याचं काही वाटत नसे. त्या घराने मला उठवून बसवलं होतं.

घोडेगावची एक बाई आली तेव्हा मी रक्त देऊन फार दिवस झाले नव्हते. एका बाळंतिणीला दिलं होतं.

तिच्या पोटात गोळा होता. गर्भपिशवीला धरून वाढलेला. चार-पाच वर्षं अंगावरून जाऊन ती इतकी पांढरी पडली होती की तळहात उघडला तर मेणाचा वाटावा. बरोबर नवरा आणि सासू. नवरा घोडेगावच्या गुरांच्या बाजारात दलाली करी. उंच, बोलका, खांद्यावर घोंगडी. मूल एकच, सात-आठ वर्षांची पोर, ती गावी ठेवून आले होते. बाईंनी तिला लोहाचं औषध सुरू केलं, काळजाचं कालवण करून खायला घालायला सांगितलं, आणि स्वच्छ सांगितलं, "गोळा काढावा लागेल. पिशवीसकट. त्यात रक्त जाणार, आणि तिच्यापाशी घालवायला रक्त नाही. कुणाचं तरी द्यावं लागेल."

नवऱ्याने तिथेच बाही सारली. काचेच्या पट्टीवर थेंब मिसळून बघितला, तर त्याचं तिला जुळत होतं. तो खूश.

"बाजारात मी दात बघून बैलाचं वय सांगतो," तो सिस्टरना म्हणाला. "आमचं जुळतंय का न्हाई त्येला काच कशाला पायजे? इतकी वर्सं जुळलंच की."

"बैलाची जोडी लावताना रक्त बघता का?" सिस्टर म्हणाल्या.

"न्हाई. शिंगं बघतो. हिची लई जोरात हायती."

सासूसुद्धा हसली. पलंगावरची बाई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "मला ह्येंचं रगत नगं."

सगळ्यांना वाटलं, त्याला त्रास होईल म्हणून म्हणते. तो म्हणालाही, "मला काय हुतंय? म्हशीवानी हाय मी."

"तसं न्हाई. एका रगताची मानसं म्हंजी भाव-भैन. तुमचं रगत माज्या अंगात आलं, मंग मी तुमची कोन? मला तुमची भैन हून घरी जायाचं न्हाई."

 नवऱ्याने सासूकडे बघितलं, की आता हिला वेड्यात काढ. सासूने पदर सारखा केला. "तिचं काय चुकलं? एका रगतात लगीन करत्यात व्हय कुटं?"

बाईंनी तिला पुष्कळ समजावलं. रक्त म्हणजे औषधच, काही महिन्यांत ते अंगात जिरून जातं, त्याने नातं लागत नाही, असं सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी शिकल्याल्या हाय, तुमाला समदं ठाव. माजं गाव कुटं शिकल्यालं हाय?"

मी वॉर्डात प्यायचं पाणी भरायला जाई. दुपारी सासू अंगणात लवंडलेली असे, नवरा चहाला गेलेला. मग ती पडल्या पडल्या मला माझ्या गावाबद्दल विचारी.

"समिंदर खरंच खारा असतो का वो?"

"खारट."

"मंग इतका जाळ कशापायी करता? तितलंच चार घागरी आना आन घाला शिरंत."

बोलता बोलता तिने एकदा मला खरं कारण सांगितलं. सासूला ती आत्ती म्हणे. म्हणाली, "पिशवी गेल्यावर मला पोर न्हाई. आत्तीच्या तोंडात दुसरीचं नाव यिऊन गेलंय. ती वंगाळ न्हाई, तिला नातू पायजे. ह्ये न्हाई म्हनत्यात, आन ह्येंचं न्हाई म्हंजी न्हाई. पन उद्या चार मानसं म्हनली, आरं ती तर आता तुजी भैन, तिला ऱ्हाऊ दे कोपऱ्यात, तर ह्येंच्या न्हाईला काय बळ ऱ्हाईल?"

 मी घागर रिकामी करत राहिलो.

"माजा भाऊ असता तर त्येचं घेतलं असतं. भावाचं चालतं. आय-बाप गेलं, त्यो एकलाच. पलटनीबरं गेला, कुटल्या मुलखात हाय कोन जानं." मग म्हणाली, "सिस्टर म्हनत्यात तुमचं समद्यांना चालतं. तुमचं घाला की. तुमी भाऊ व्हाल. मला त्येचं वावडं न्हाई."

मी हे बाईंना जाऊन सांगितलं. बाईंनी माझी पापणी ओढून बघितली आणि म्हणाल्या, "तुझं एवढ्यात काढलंय. तुला आडवं करून तिला उभी करू? नाही." पण दुसरं कुणी मिळेना. सासूचं जुळत नव्हतं. गावाकडून दीर आला, ऑपरेशन कसलं ते ऐकलं आणि बैलांना वैरण टाकायची म्हणून परत गेला. गोळा वाढत होता, रक्त जायचं थांबत नव्हतं. शेवटी बाई तिच्यापाशी बसल्या. ती म्हणाली, "मला तेवढा सबूद द्या. ह्येंचं घालनार न्हाई म्हना. मंग मी आत्ता चलते." बाईंनी शब्द दिला. दिला नसता तर ती टेबलावर चढलीच नसती. सासू गाठोडं बांधायला लागली होती.

ऑपरेशन सकाळी झालं. बाटल्या बदलणं माझं काम, म्हणून मी आतच असे. सुरुवातीलाच बाई म्हणाल्या, "आधी मिठाचं. नाडी उतरली तर डिंकाचं. त्याच्या पुढे," आणि वाक्य तिथेच सोडलं.

गोळा आतड्यांना चिकटलेला निघाला. सोडवावा तिथून रक्त येई. मी पहिली मिठाची बाटली लावली, दुसरी लावली. नाडी भरली म्हणून सिस्टरनी मान हलवली, आणि थोड्या वेळाने पुन्हा मान हलवली ती उलटी. बाई म्हणाल्या, "डिंक." मी डिंकाची लावली. धाप लागली नाही, अंगावर काही उठलं नाही. मी पावलांकडे बघत होतो. पावलं स्थिर होती, फार गार.

मग माझं लक्ष बादलीकडे गेलं. रक्त टिपलेले बोळे त्यात पडत होते. सुरुवातीचे गडद लाल होते. वरचे गुलाबी होते. तिच्या अंगातून जे येत होतं त्यात आता माझंच पाणी जास्त होतं. ते चुलीवर धरलेलं, तोललेलं, गाळलेलं पाणी इतकं स्वच्छ होतं आणि तिला त्याचा उपयोग होत नव्हता.

"बाई, नाडी लागत नाही हाताला," सिस्टर म्हणाल्या.

"रक्तवाहिनी बांधली की घालते. आता घातलं तर तेही बादलीत जाईल. दोन मिनिटं." बाईंचे हात आत होते. मग म्हणाल्या, "बांधली. आता हवं. आत्ता हवं."

सिस्टर दाराशी गेल्या. दार अर्धं उघडं होतं, बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. नवरा ओरडत होता, "माजं घ्या! पायजे तेवडं घ्या! ती झोपल्याली हाय, तिला सांगू नका!"

सासू म्हणाली, "आन कळलं मंग? तुला ठाव न्हाई व्हय ती कशी हाय? हीर जवळ करंल, जीव दील."

सिस्टरनी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "शब्द घेऊन चढली आहे ती इथे. झोपली म्हणून मोडू?" प्रश्न कुणाला विचारला होता कळलं नाही. मी बाही वर केली होती.

"अर्धी बाटली," बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "अर्धीच्या वर एक थेंब नाही."

शेजारच्या खोलीतल्या बाकावर मला आडवं केलं. रक्त बाटलीत पडताना मी सिस्टरना दोनदा म्हणालो, भरू द्या. त्या म्हणाल्या, "तोंड बंद ठेव." माझ्या कानात समुद्रासारखं वाजत होतं. आत ते तिला लावलं, आणि थोड्या वेळाने कुणीतरी म्हणालं, "लागली नाडी." मला रडू आलं. सिस्टरनी मला गोड चहा पाजला आणि म्हणाल्या, "उठायचं नाव काढलंस तर बांधून ठेवीन."

दिवस कलताना ती शुद्धीवर आली. पहिलं विचारलं ते हेच. "कुनाचं?"

"या कोकण्याचं," सिस्टर म्हणाल्या.

तिने मान वळवून मला शोधलं. "मंग बरं," म्हणाली. नंतर म्हणाली, "भाऊ, थंडी वाजती."

मला वाटलं, माझंच पाणी. कुठली तरी नळी धुवायची राहिली. बाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला, मग माझा चेहरा बघून माझ्या खांद्यावर. "तुझ्या पाण्याची नाही ही. अंगात रक्तच कमी आहे." हे ऐकून आधी मला सुटल्यासारखं झालं, आणि मग त्याचा अर्थ कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी तिला पुन्हा विचारलं. माझं आता घेता येणार नव्हतं. मी भिंत धरून चालत होतो. नवरा पलंगाशी उकिडवा बसला होता. तिचा हात धरून म्हणाला, "आगं, मी तुला बायकूच म्हनंन. देवाची आन. मेल्यावरबी बायकूच म्हनंन."

"तुमी म्हनाल वो," ती म्हणाली. "लोकांचं काय?"

 मग ती म्हणाली, "पोरीला लौकर उजवू नगा. साळंत घाला." त्यावर तो उठून बाहेर गेला.

दुपारनंतर ती हाकेला ओ देईनाशी झाली. डिंकाची आणखी एक बाटली लावली, तिचा उपयोग झाला नाही. बाई पलंगाजवळ उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. एकाएकी म्हणाल्या, "काढा त्याचं. माझा शब्द मी बघून घेईन." नवरा धावत आला. त्याचं रक्त काढलं, पूर्ण बाटली भरली. मीच ती वर टांगली. नळी जोडायला सिस्टरनी हात पुढे केला आणि तो तिथेच थांबला. ती गेली होती.

डॉक्टरबाईंनी आदल्या दिवशीच शब्द मोडला असता तर? हे मी पुष्कळ वर्षं मनात उगाळलं आहे. एकदा धीर करून त्यांनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "जगली असती, असं मला रोज वाटतं. आणि मग ती घरी जाऊन काय करती, तेही वाटतं."  मला त्यातलं काय बरोबर ते अजून ठरवता आलेलं नाही, आणि ज्या बाईंनी मला जगवलं त्यांना चूक म्हणायला माझी जीभ वळत नाही.

सासूने हंबरडा फोडला नाही. ती सिस्टरपाशी आली आणि हळू आवाजात विचारलं, "त्येचं गेलं का तिच्या अंगात?"

"नाही. त्याच्या आतच."

"एक थेंबबी न्हाई?"

"नाही, आजी."

"मंग बायकूच गेली," म्हातारी म्हणाली. आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तेव्हा कुठे तिचे डोळे भरले. "सवाशीन गेलीया. वरचं लुगडं म्हायेरचं लागतं. तिचा भाऊ कुटं लढाईवर. आता तुमीच."

आमच्याकडेही तसंच असतं. सवाष्ण गेली की शेवटचं वस्त्र माहेरचं, भावाने आणायचं. पण कापड तेव्हा रेशनवर, आणि दुकानात लुगडं मागून मिळेल असे ते दिवस नव्हते. माझ्या ट्रंकेत एक होतं. आईसाठी घेतलेलं, हिरवं, बारीक काठाचं. गावी जाताना न्यायचं म्हणून ठेवलं होतं. मी ते आणून दिलं. म्हातारी म्हणाली, "माज्या हातात नगं. भावानं घालायचं असतं." मी एक टोक धरलं. नवऱ्याने दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी ते तिच्या अंगावर पसरलं.

गाडी जुंपली. मीही जायला निघालो, तर सिस्टर म्हणाल्या, "वाटेत पडशील, म्हणजे एकाचे दोन होतील." मी फाटकाशी उभा राहिलो. गाडी औरंगाबादच्या रस्त्याला लागेपर्यंत हिरवा काठ दिसत होता.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी मला गावी जायला मिळालं. घाट उतरून, शेवटचं चालत. आईने जेवायला वाढलं. तिच्या अंगावर ठिगळ लावलेलं लुगडं होतं. मी म्हटलं, तुझ्यासाठी एक घेतलं होतं, ते दिलं. कुणाला, तेही सांगितलं. मला वाटलं होतं ती हळहळेल, किंवा रक्त काढू दिलंस म्हणून रागावेल. घोडेगाव कुठे, नगर कुठे, तिला काही ठाऊक नव्हतं. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "माझां चेडू गेलां, आणि तू माका आता सांगतंस?"

चेडू म्हणजे लेक.

मग ती वाढायचं सोडून उठली. मागल्या दारी गेली, विहिरीतून कळशी ओढली आणि नेसल्या लुगड्यानिशी डोक्यावरून ओतून घेतली, सुतकाची बातमी कळल्यावर घेतात तशी. पहिली, मग दुसरी. मी कळशी ओढून द्यायला गेलो, तर तिने हाताने मला बाजूला सारलं.